कंडोम फाटून 11 दिवस झाले, आता काय?

पत्र: मी 21 वर्षांचा, सोलापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव अक्कलकोटकडचं, इथे चौघं मित्र रूमवर राहतो. 11 दिवसांपूर्वी मैत्रिणीसोबत संबंध आला तेव्हा कंडोम फाटला. तो तीन-चार महिने गाडीच्या डिक्कीत पडून होता, आणि कोरडं वाटलं म्हणून वरून खोबरेल तेल लावलं होतं. ती 20 वर्षांची आहे. तिचा आधी एक मित्र होता, माझाही हा पहिलाच अनुभव नाही. चार दिवसांनी जांघेत खाज सुटली, लाल कडांचे गोल चट्टे आले. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब आणि तीन गोळ्या दिल्या. खाज थांबली, पण चट्टे पसरले. आता रात्ररात्र झोप नाही. एक मित्र म्हणतो रक्तदान शिबिरात रक्त दे, टेस्ट फुकटात होते अन् घरीही कळत नाही. दुसरा म्हणतो पुढच्या वेळी एकावर एक दोन घाल. ती चांगल्या घरातली आहे, तिच्याकडून काही आलं असेल असं वाटत नाही. सिव्हिलला गेलो तर कुणीतरी ओळखीचं भेटणारच. काय करू?

उत्तर: आधी खाजेचं बघू, कारण तुझी झोप तिनेच उडवली आहे. जांघेच्या घडीत गोल चट्टा, कडा लाल आणि किंचित उठलेली, मधला भाग फिकट, घाम आला की आग: हे वर्णन नायट्याशी जुळतं. नायटा ही त्वचेवरची बुरशी. सोलापूरचा उन्हाळा, घट्ट जीन्स आणि ओलसर अंडरवेअर एवढं तिला पुरतं. एचआयव्हीची लागण चार दिवसांत जांघेतल्या चट्ट्यांतून दिसत नाही. डॉक्टरांनी बघितल्याशिवाय शिक्का मारता येणार नाही, पण या चट्ट्यांवरून तू जे अंदाज बांधतो आहेस ते सोडून दे.

त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं मात्र वाच. क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन यांपैकी एखादं नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडनं खाज दोन दिवसांत बसते, म्हणून गिऱ्हाईक खूश. पण त्याच वेळी त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी पसरते. तुझ्याकडे नेमकं हेच झालेलं दिसतं. ट्यूब बंद कर आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. ट्यूब बंद केल्यावर काही दिवस खाज उलटून येऊ शकते. म्हणून पुन्हा तीच लावू नकोस. बुरशीचं औषध चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस लावावं लागतं. अर्ध्यात सोडलं की महिन्याभरात तो परत येतो. आणि टॉवेलच्या गावात राहून चौघांत एक टॉवेल वापरत असाल तर ते आजपासून बंद.

त्या तीन गोळ्या बहुधा अझिथ्रोमायसिन असाव्यात, पाकीट असेल तर बघ. हे डॉक्टरांना न विसरता सांग. अशा अर्धवट अँटिबायोटिकनं परमा म्हणजे गोनोरिया पुरता जात नाही, लक्षणं दबतात आणि जंतू औषधाला सरावतात. सिफिलिसही काही काळ झाकला जातो आणि तपासणीचा अर्थ लावणं अवघड होतं.

खऱ्या गुप्तरोगाची लक्षणं वेगळी असतात. लघवीला जळजळ आणि लिंगातून पू: गोनोरियात बहुतेकदा 2 ते 7 दिवसांत, क्लॅमिडियात एक ते तीन आठवड्यांत. पाण्याच्या बारीक फोडांचा झुपका, जो फुटून झोंबतो: हर्पिस. जांघेत दुखरं अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ. आणि सगळ्यात फसवी म्हणजे सिफिलिसची जखम. संबंधानंतर 10 ते 90 दिवसांत, साधारण तिसऱ्या आठवड्यात येते. एकच, गोल, कडक कडेची आणि अजिबात न दुखणारी. तीन ते सहा आठवड्यांत औषधाशिवाय भरून येते. पोरगा म्हणतो, बरं झालं. जंतू रक्तात तसाच असतो. पुढे तळहात-तळपायावर पुरळ येतं, तेही जातं, आणि कित्येक वर्षांनी तो मेंदू किंवा हृदय गाठू शकतो. वेळेत कळला तर बेंझाथीन पेनिसिलिनच्या 24 लाख युनिटच्या एका डोसात सुरुवातीचा सिफिलिस बरा होतो. म्हणून पुढचे तीन महिने आंघोळीच्या वेळी नीट बघत जा, अग्रत्वचा मागे घेऊनही. यातली कुठलीही जखम असली की त्या वाटेनं एचआयव्ही शिरणं सोपं होतं, हे अजून एक कारण.

आता एचआयव्ही. तू पहिल्या दिवशी लिहिलं असतंस तर उत्तर वेगळं असतं. धोक्याच्या संबंधानंतर 72 तासांच्या आत, आणि जमेल तितक्या लवकर, दोन तासांत मिळालं तर उत्तम, पीईपी नावाचा औषधांचा कोर्स सुरू केला तर लागण बहुतेकदा टळते. टेनोफोविर, लामिव्हुडिन आणि डोलुटेग्राविर एकाच गोळीत, दिवसाला एक, 28 दिवस, एकही दिवस न चुकवता. ही वेळेची गोष्ट आहे, म्हणून रात्र असो की रविवार, थेट मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं. सरकारी पुरवठा मुख्यतः सुई टोचलेले आरोग्य कर्मचारी आणि लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्ती यांच्यासाठी असतो. इतरांच्या बाबतीत धोका किती हे डॉक्टर ठरवतात, आणि खासगी फिजिशियनही हा कोर्स लिहून देऊ शकतात. तुझ्यासाठी ती वेळ गेली. आता कुणी "इन्फेक्शन धुऊन काढणारं" इंजेक्शन देऊ केलं तर पैसे खिशात ठेव. एसटी स्टँडच्या भिंतींवर ज्यांचे नंबर रंगवलेले असतात त्यांच्याकडे तर नाहीच.

धोका किती होता? जोडीदाराला एचआयव्ही आहे असं धरलं तरी एका वेळच्या योनीसंबंधातून पुरुषाला लागण होण्याची शक्यता 10,000 मध्ये 4 च्या आसपास मानतात. स्त्रीला ती दुप्पट, 8 च्या आसपास. गुदसंबंधात ज्याच्या आत लिंग जातं त्याला 138. जखम, पू किंवा दुसरा गुप्तरोग असला की हे आकडे वाढतात. तुझा आकडा लहान आहे, पण शून्य नाही. तपासणीला तेवढं कारण पुरे.

तपासणी तारखेनं करायची, भीतीनं नाही. लागण झाल्यावर रक्तात खूण दिसायला वेळ लागतो. बोटातून किंवा हातातून रक्त घेऊन केली जाणारी रॅपिड टेस्ट लागण पकडायला 23 ते 90 दिवस घेऊ शकते. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये होणारी चौथ्या पिढीची टेस्ट, जी अँटिजेन म्हणजे विषाणूचा अंशही शोधते, ती 18 ते 45 दिवस. म्हणून आत्ता एक टेस्ट कर. ती 11 दिवसांपूर्वीच्या रात्रीबद्दल काही सांगणार नाही, तुझ्या आधीच्या अनुभवांबद्दल सांगेल. दुसरी त्या रात्रीपासून सहा आठवडे पूर्ण झाल्यावर, तिसरी तीन महिने पूर्ण झाल्यावर. तिसरी निगेटिव्ह आली आणि मधल्या काळात नवा धोका घेतला नसेल, तर त्या रात्रीचा विषय संपला. मग दर पंधरा दिवसांनी नव्या लॅबमध्ये जाऊन खात्री करत बसायचं नाही. या तारखांना सिफिलिसची व्हीडीआरएल किंवा आरपीआर टेस्टही त्याच रक्तातून मागून घे, आणि एकदा कावीळ-बीचीही.

मधल्या दिवसांत ताप आला, घसा धरला, अंगावर पुरळ आलं तर तारखेची वाट न बघता जा. नव्या एचआयव्हीत दोन ते चार आठवड्यांनी असं होऊ शकतं. पण साध्या फ्लूतही होतं, आणि कित्येकांना एचआयव्ही असून काहीच होत नाही. लक्षणांवरून कुणीच सांगू शकत नाही, गुगल तर नाहीच.

कुठे जायचं? छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, आयसीटीसी आहे. पूर्ण नाव एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. ओपीडीच्या वेळेत सकाळी गेलास की काम एका फेरीत होतं. ओळखीचं कुणी भेटण्याची तुझी भीती आम्हाला हास्यास्पद वाटत नाही, पण तिच्यावर तोडगा सोपा आहे. मोठ्या रुग्णालयांत त्वचारोग आणि गुप्तरोग यांची ओपीडी एकच असते. केसपेपर काढ, जांघेचा नायटा दाखवायला आलोय म्हणून सांग. खोटंही नाही. आत डॉक्टरांना सगळं मोकळेपणानं सांगितलंस की तेच तुला रक्त तपासायला आयसीटीसीत आणि गरज पडली तर सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या सरकारी दवाखान्यात पाठवतील. लाइनीत भेटलेल्या चुलतभावाला नायट्याचं कारण पुरेल. तरीही धीर होत नसेल तर पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. आयसीटीसीला तुझा पत्ता त्याच गावचा असावा लागत नाही.

आत गेल्यावर आधी समुपदेशक बोलतात. किती जणांशी, कसा संबंध, कंडोम होता का, हे विचारतील. लाजून अर्धवट सांगितलंस तर टेस्टची तारीख चुकेल, तोटा तुझाच. मग तुझी संमती घेतात आणि थोडं रक्त. पहिली टेस्ट निगेटिव्ह आली तर तिथेच थांबतात. रिअॅक्टिव्ह, म्हणजे लागणीची शंका दाखवणारी आली तर वेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन टेस्ट त्याच रक्तावर होतात. तिन्ही रिअॅक्टिव्ह आल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. म्हणून खासगी लॅबच्या एका रिपोर्टवर "रिअॅक्टिव्ह" बघून कोसळायचं नाही, तो रिपोर्ट घेऊन आयसीटीसी गाठायची. इथे तपासणीचे पैसे लागत नाहीत. रिपोर्ट तुझ्याच हातात, समजावून सांगून देतात.

घरी कळण्याबद्दल: एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, 2017, हा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि तुझी स्थिती तुझ्या परवानगीशिवाय कुणाला सांगता येत नाही, कायद्यात दिलेले मोजके अपवाद सोडून. कॉलेज किंवा उद्या कॅम्पसला आलेली कंपनी "रिपोर्ट दाखव" म्हणू शकत नाही. व्यवहारातली गळती बहुतेकदा फोनमुळे होते. म्हणून नंबर देताना स्वतःचा दे, बाबांचा नको, आणि कुठल्या वेळी फोन करू नये हे समुपदेशकाला सांगून ठेव. वाचकांत कुणी 18 च्या आतले असतील तर त्यांना चाचणीसाठी पालकांची संमती लागते. नुसतं बोलायचं, विचारायचं असेल तर सरकारी रुग्णालयांतलं मैत्री क्लिनिक 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठीच आहे. 1097 या टोल फ्री क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आता तुझं ते वाक्य, "ती चांगल्या घरातली आहे." तुझ्या पत्रातलं आम्हाला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य हेच. क्लॅमिडिया असलेल्या बहुतेक मुलींना काहीही त्रास जाणवत नाही, गोनोरियातही बऱ्याच जणींना नाही. आतल्या आत जंतू गर्भनलिकांपर्यंत जातो आणि पुढे मूल राहायला अडचण येते, तेव्हा कळतं. तिच्या आधीच्या मित्राकडून तिला काही आलं असेल तर तिला ते माहीतही नसेल. आणि उलटंही तितकंच खरं आहे: तू स्वतःला "चांगल्या घरातला" धरून हिशोबातून वगळलं आहेस. तुझा पहिला अनुभव नव्हता म्हणतोस, मग तिला धोका तुझ्याकडूनही आहे, आणि आकडे बघितलेस तर तिला जास्त.

तेव्हा तिला सांग. फोनवर नको, मेसेजवर तर मुळीच नको. एवढंच म्हण: "त्या दिवशी फाटला होता, मी तपासणी करून घेतोय, तूही कर, मी सोबत येतो." तिनं आधी काय केलं हे उकरून काढू नकोस. इमर्जन्सी गोळीचे 72 तास उलटून गेलेत. तिची पाळी चुकली किंवा संबंधाला 21 दिवस झाले की युरीन टेस्टची पट्टी वापरायची, सकाळच्या पहिल्या लघवीवर. पट्टी पॉझिटिव्ह आली तर मेडिकलमधून गोळ्या आणून पाडायचा प्रयत्न नको, नोंदणीकृत केंद्रात जायचं. अविवाहित मुलीलाही कायद्यानं तो हक्क आहे. तुमच्यापैकी एकाला जरी गोनोरिया-क्लॅमिडियासारखी लागण निघाली तर उपचार दोघांनी एकाच वेळी घ्यायचे, आणि एका डोसाचं औषध असेल तरी नंतर सात दिवस संबंध नाही. एकट्यानं औषध घेतलं तर ती लागण तुम्हा दोघांत फिरत राहील. तीन महिन्यांचा निकाल येईपर्यंत दरवेळी कंडोम, आणि तो नीट.

नीट म्हणजे काय, कारण तुझा फाटायला दोन कारणं होती आणि दोन्ही टाळता येण्यासारखी. लेटेक्स म्हणजे रबर. उन्हात उभ्या गाडीची डिक्की एप्रिलमध्ये बाहेरच्या 42 अंशांच्या कितीतरी वर जाते, तिथे चार महिन्यांत रबर चिवटपणा सोडतं. पाकिटात, मागच्या खिशात बसून बसून घासलं तरी तेच. खोबरेल तेल, व्हॅसलिन, बॉडी लोशन, कुठलंही तेल लेटेक्सला काही मिनिटांत कमजोर करतं. कोरडं वाटलं तर पाण्यावर आधारलेलं किंवा सिलिकॉनचं ल्युब्रिकंट मेडिकलमध्ये मिळतं, थेंबभर आत टोकाला आणि बाकी बाहेरून. पॅकेट कपाटात, सावलीत ठेव. बाहेर जाताना बॅगेच्या आतल्या कप्प्यात एक घे, वापरला नाही तर परत कपाटात.

लावण्याआधी एक्स्पायरी बघ आणि पॅकेट बोटांनी दाबून बघ, आतली हवा उशीसारखी जाणवली पाहिजे. हवा निघून गेलेलं पॅकेट फेकून दे. दातरी कडेनं हातानं फाड, दातानं किंवा कात्रीनं नाही. लिंग पूर्ण ताठ झाल्यावर, कुठलाही स्पर्श होण्याआधी लाव, मध्येच नाही. टोक चिमटीत धरून हवा काढ आणि मुळापर्यंत उलगड. उलटा धरल्यामुळे उलगडत नसेल तर फिरवून तोच लावू नकोस. त्याच्या बाहेरच्या बाजूला आता स्राव लागला आहे, नवीन घे. संपल्यावर ताठरपणा असतानाच, मुळाशी कडी धरून बाहेर काढ, कारण सैल पडल्यावर तो आतच निसटतो. गाठ मार, कागदात गुंडाळून कचऱ्यात. संडासात टाकलास तर रूमचा पाइप तुंबेल आणि घरमालकाला जे कळायला नको ते कळेल.

दोन एकावर एक नाही. रबरावर रबर घासतं आणि दोन्ही फाटतात. सरकारी निरोध फुकट मिळतो, आयसीटीसीत आणि शहरी आरोग्य केंद्रांत, आणि त्याचा दर्जा कमी असतो हा गैरसमज आहे. संबंधानंतर डेटॉलनं, लिंबानं धुणं, मुलींनी आतून पाण्याचा फवारा मारणं हे उलट त्वचा सोलवटतं. तोंडानं केलेल्या संबंधात एचआयव्हीचा धोका फार कमी, पण सिफिलिस, गोनोरिया, हर्पिस येतात.

कंडोम सगळं झाकत नाही. हर्पिस, सिफिलिसची जखम, एचपीव्ही या विषाणूचे चामखीळ हे कंडोमच्या बाहेरच्या कातडीवरही असतात. एचपीव्हीसाठी लस आहे, पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक जानेवारी 2023 मध्ये आली. 9 ते 14 वयात दोन डोस, 15 ते 26 मध्ये तीन: 0, 2 आणि 6 महिन्यांनी. मुलगे आणि मुली दोघांना चालते, तुम्ही दोघंही वयात बसता. कावीळ-बीची लस लहानपणी झाली नसेल तर तिचेही तीन डोस, 0, 1 आणि 6 महिन्यांनी. ज्यांचे जोडीदार बदलतात, किंवा ज्या मुलांचे मुलांशी संबंध आहेत, त्यांनी डॉक्टरांना प्रेपबद्दल, म्हणजे धोक्याआधीच घ्यायच्या औषधाबद्दल विचारावं: टेनोफोविर आणि एम्ट्रिसिटाबिनची रोज एक गोळी, सुरू करण्याआधी एचआयव्ही, कावीळ-बी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची टेस्ट) तपासून. ती एचआयव्ही अडवते, बाकीचं काही नाही. गड्ड्यावर किंवा कुठल्याही जत्रेत टॅटू काढणार असाल तर नवी सुई समोर उघडायला लावा आणि शाईही नव्या झाकणात ओतून घ्या.

आणि समजा पॉझिटिव्ह आलं तर? एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचारांचं केंद्रही सिव्हिलमध्येच आहे, औषधं मोफत, दिवसाला एक गोळी. नियमित घेतली तर रक्तातला विषाणू बहुतेकांत सहा महिन्यांत इतका खाली येतो की टेस्टमध्ये दिसत नाही, आणि तो तसाच राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागत नाही. शिक्षण, नोकरी, लग्न, निरोगी मूल, सगळं होतं. शक्यता कमी आहे, पण रात्री तीन वाजता डोक्यात जे चित्र येतं ते 20 वर्षांपूर्वीचं आहे.

राहता राहिलं रक्तदान. मित्राचा हा सल्ला सगळ्यात वाईट. रक्तपेढी टेस्ट करते हे खरं, पण पहिल्या काही आठवड्यांत लागण असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. एका पिशवीचे घटक वेगळे करून दोन-तीन रुग्णांना देतात, त्यांत एखादं थॅलेसेमियाचं लेकरू असू शकतं. शिबिराचा फॉर्म भरताना धोक्याच्या संबंधाबद्दल विचारतात ते याचसाठी. तीन महिन्यांचा रिपोर्ट हातात येईपर्यंत कॉलेजात जयंतीचं शिबिर लागलं आणि मित्रांनी ओढलं, तर "अँटिबायोटिक चालू होतं, घेत नाहीत" म्हणून सांग. तेवढं कारण कुणी खोदून विचारत नाही.